इंग्रजीचे अध्यापन आणि वगळलेली कादंबरी : 'सच अ लाँग जर्नी'च्या निमित्ताने

प्रास्ताविक
विद्यापीठातील इंग्रजी विभागाच्या कार्याचा आढावा घेताना चर्चासत्रे, व्याख्याने, उजळणी वर्ग आणि शोधनिबंध यांची नोंद साक्षेपाने केली जाते. तथापि, कोणती साहित्यकृती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाची आणि ती कशी शिकवावयाची, हा निर्णय या सर्वांहून मोलाचा असतो. मुंबई विद्यापीठात 2010 साली रोहिंटन मिस्त्री यांच्या कादंबरीसंबंधी जे घडले, त्यातून हे प्रकर्षाने जाणवते.

घटना
'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी 1991 साली प्रकाशित झाली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचा समावेश झाला. द्वितीय वर्ष कला शाखेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात ती नेमलेली होती. तीत शिवसेना आणि मराठी माणूस यांविषयी अवमानकारक मजकूर असल्याचा आक्षेप शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने 2010 साली घेतला. पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. त्यानंतर तत्कालीन कुलगुरू डॉ. राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरून कादंबरी अभ्यासक्रमातून वगळली.

वाङ्मयीन विचार
आक्षेपार्ह ठरलेली विधाने पात्रांच्या तोंडची आहेत, एवढे सांगून समीक्षेचे काम संपत नाही. ती कोण बोलते, हे पाहणे अगत्याचे ठरते. गुस्ताद नोबलचा बँकेतील सहकारी दिनशॉजी रस्त्यांची जुनी नावे बदलल्याबद्दल हळहळतो आणि शिवसेनेविषयी कडवटपणे बोलतो. परंतु हाच दिनशॉजी बँकेतील एका तरुण टंकलेखिकेची अश्लाघ्य थट्टा करतो आणि अखेर गुस्तादलाच त्याला आवरावे लागते. लेखकाने त्याला सत्याचा प्रवक्ता केलेले नाही. एका आजारी, धास्तावलेल्या अल्पसंख्य माणसाचे मन तेवढे उघडे केले आहे. खोदादाद बिल्डिंगच्या कुंपणभिंतीवर सर्व धर्मांची दैवते रंगविली जातात, घाणीची जागा पूजास्थान होते आणि शेवटी रस्तारुंदीसाठी ती भिंत पाडली जाते. सहजीवनाची ही अल्पायुषी प्रतिमा वगळून केवळ काही वाक्ये निवडणे म्हणजे कादंबरी न वाचणेच होय.

याचबरोबर मराठी वाचकाचा एक प्रश्न रास्त आहे : या मुंबईत मराठी माणूस इतका पुसट का? या प्रश्नाचे उत्तर पुस्तक जाळून मिळत नाही, तसेच ते केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घोषणेनेही मिळत नाही. ते वर्गातच शोधावे लागते. या कादंबरीशेजारी भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (1965) आणि नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (1966) ठेवल्यास एकाच शहराच्या तीन भाषा व तीन वस्त्या परस्परांना पडताळून पाहू लागतात. 'वासूनाका'वरही अश्लीलतेचा आरोप झाला होता, हे येथे विसरता येत नाही.

उपनगरातील परंपरा
अशा वाचनाला येथे आधार आहे. निस्सीम इझिकेल 1961 ते 1972 या काळात विलेपार्ले येथील मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. इंदिरा संत यांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्या सहकार्याने केले. नाबर यांनीही पुढे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाची धुरा सांभाळली. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे अध्यासन भूषविले. इंग्रजीचा प्राध्यापक मराठीकडे पाठ फिरवूनच उभा असतो, हा समज या उदाहरणांपुढे टिकत नाही.

समारोप
अभ्यासक्रमातील पुस्तकाचे रक्षण अभ्यास मंडळाच्या ठरावाने काही अंशी होते. उरलेले रक्षण वाचकच करतात. इंग्रजी विभागांनी नेमलेल्या पुस्तकांवर मराठीतून लिहिले, मराठी विभागांसमवेत ती शिकविली, तर आक्षेप घेणाऱ्याला उत्तर देण्यास महाविद्यालयाबाहेरही कोणी उभे राहील. 2010 साली अशा वाचकवर्गाची उणीव भासली. ती भरून काढण्याचे काम परिपत्रकाने होणारे नाही. ते प्राध्यापकांनाच करावयाचे आहे.