एका दरवाजाच्या दोन कमानी

माल्टातल्या फ्लोरियानात, व्हॅलेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘पोर्त दे बॉम्ब’ हा बरोक शैलीतला दरवाजा उभा आहे. त्याचा फोटो शोधून बघा. शेजारी शेजारी दोन जुळ्या कमानी, बाजूला भिंत नाही, खालून गाड्या चालल्यात. तुम्ही म्हणाल, विजयकमान दिसतेय. मीही तेच टिपून ठेवलं होतं, आणि कमानींच्या समतोलावर एक देखणा परिच्छेदही लिहून झाला होता!

तो खोडावा लागला. सेंट जॉनच्या नाइट्ससाठी फ्रेंच लष्करी अभियंता मोंदियोंने 1720-21 मध्ये हा दरवाजा उभारला, तेव्हा कमान एकच होती आणि तीही तटबंदीत बसवलेली. शत्रू येईल त्या बाजूला शेजारी शेजारी दोन दारं कोण ठेवेल, हा साधा प्रश्न मला पडलाच नव्हता. दुसरी कमान 1868 ची, ब्रिटिशांनी रहदारीसाठी जोडलेली. बाजूचा तट त्यानंतर पाडला गेला.

ब्रिटिशांची नक्कल उत्तम आहे, पण मूळ रचनेचं नुकसान तिनेच केलं असं मला वाटतं. बरोक दरवाजाचा सगळा दरारा विरोधात असतो: लांबच लांब कोरा तट आणि त्यात एकच नक्षीदार वाट. इथे तट गेला, वाटा दोन झाल्या, आणि धाक घालणारी वास्तू नुसती शोभेची झाली.

आता तोच फोटो पुन्हा घ्या, एका कमानीवर बोट ठेवा आणि उरलेलीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने भिंत काढा.