नाईकांचा वाडा आणि वऱ्हाडातले तपासनीस

व्याख्यानमालेत टीव्ही मालिकेवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला ठाऊक आहे. पण बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा ज्या मराठी माणसाने उशाखाली ठेवून वाचल्या, त्याच्याच घरी पुढे टीव्ही आला. माणूस तोच, हातात रिमोट आला एवढंच. त्याचं मत ऐकायला काय हरकत आहे?

मालिका म्हणजे 'रात्रीस खेळ चाले', पहिलं पर्व. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ला सुरू झाली, ऑक्टोबरात संपली. वेळ रात्री साडेदहाची. सावंतवाडीजवळचं आकेरी, नाईकांचा वाडा. अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात, मुलं-सुना गोळा होतात, इस्टेटीचा विषय निघतो, आणि मग वाड्यात एकेक विपरीत घडायला लागतं. विज्ञान मानणारी नीलिमा एका बाजूला, देवस्की-करणी मानणारे दुसऱ्या बाजूला, आणि मधे सगळं विसरणारा पांडू. त्याचं 'इसारलंय' अमरावतीच्या शाळांतली पोरं गृहपाठ न केल्यावर म्हणायची.

आता आपल्याकडे ही मालिका कशी पाहिली गेली ते आठवा. मार्च ते जून. अकोल्यात पारा ४५च्या वर. खिडकीत कूलर घरघरतोय, आणि पडद्यावर मात्र ओली झाडी, अंधार, कंदील. त्यात मालवणी बोली. कूलर चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाही, बंद केला तर बसवत नाही. रहस्यकथेत एक वाक्य हुकलं म्हणजे एक दुवा हुकला. आमच्या आळीत मग सकाळी पाण्याच्या नळावर कालचा भाग पुन्हा जुळवला जायचा. कुणी 'माईनं काय म्हटलं?' विचारायचं, कुणी 'लाइन गेली होती न बाप्पा' म्हणायचं.

या मंडळींची मतं मी तेव्हापासून ऐकत आलो. सगळ्यात गंभीर मत होतं अकोल्याच्या अडत दुकानातल्या एका निवृत्त मुनीमजींचं. त्यांनी खरोखर वही घातली होती. तारीख, कोण कुठे होता, कोण काय बोललं. शेवटचा भाग झाल्यावर भेटलो तर म्हणाले, "आमी आठ महिने हिशोब ठेवला न राजेहो, अन् यायनं वहीच फाडून टाकली." खुनी कोण हे मी इथे सांगणार नाही. मुनीमजींची तक्रार खुनी कोण निघाला याबद्दल नव्हतीच. मधल्या कित्येक रात्री जे दाखवलं, त्याचं जमाखर्चात काय झालं, ही होती.

शेजारच्या काकूंनी तेच वेगळ्या शब्दांत मांडलं: "भूत असन तं भूत म्हना, मानूस असन तं मानूस म्हना. अर्धं-अर्धं काहून?" रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात अलौकिक शक्तींना मज्जाव आहे. काकूंनी नॉक्स वाचलेला नाही. पण कोडं घातलं असेल तर ते सोडवता आलं पाहिजे, हा करार त्यांना कळतो.

मला दोघांचं म्हणणं पटतं. आणि तरी मालिकेचा दोष सगळा लेखकाचा आहे असं मी म्हणणार नाही. रोज एक भाग, रोज शेवटी एक दचका, ही दैनंदिन मालिकेची गरज. रहस्यकथेला मोजके दुवे लागतात. आठ महिने रोज दचकवायचं तर उसनवारी करावीच लागते. बीबीसीची 'डेथ इन पॅराडाइज' बघा, २०११पासून चालू आहे. कॅरिबियनमधलं काल्पनिक बेट, चित्रीकरण ग्वाडलूपचं, समुद्र, नारळ, आणि दर भागात एक खून. शेवटी संशयितांना एकत्र बसवून तपास अधिकारी उलगडा करतो. ठरीव आहे, कंटाळवाणंही होतं, पण तासाभरात खातं बंद होतं.

दुसरं पर्व जानेवारी २०१९ला आलं ते मागच्या काळात गेलेलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत, अपूर्वा नेमळेकरची शेवंता. ते आपल्याकडे जास्त आवडलं, आणि नुसतं शेवंतामुळे नाही. मुनीमजींनी त्या वेळी वही घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "मरनारा कोन ते आमाले माहीत हाय, वाईट कोन ते बी समोरच बसलं हाय. वही कायले पाह्यजे?" कोण हा प्रश्न गेला, कसा हा उरला. माझ्या मते पर्व त्यामुळेच सुधारलं.

एक गोष्ट मात्र आपल्या प्रेक्षकांनी कधी बोलून दाखवली नाही. पहिलं पर्व सुरू होताच सिंधुदुर्गातून आक्षेप आले होते, की कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख असं चित्र उभं राहतंय. वऱ्हाडात कुणाला ते खटकलं नाही. 'कोकनात असतेच तसं', असं म्हणून आपण मोकळे. भूगोलाच्या पुस्तकात अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली येतो, अमरावतीसुद्धा. पण टीव्हीचा उष्ण प्रदेश हिरवाच असतो. दर्यापूरच्या कपाशीत, मूर्तिजापूरच्या फलाटावर कुणी रहस्य शोधत नाही. आपली बोली आली तर हसवायला. भारत गणेशपुरे यांनी ती घराघरात पोचवली, हे मोठंच काम, पण पुढे वाहिन्यांना वऱ्हाडी माणूस गंभीर असू शकतो हेच सुचेना.

मागच्या वर्षी एका गावात मी हेच बोललो, तेव्हा एक शेतकरी उठून म्हणाले, "आमच्याकडं मानूस मेला तं खालच्या पट्टीत एक ओळ येते. कोनं मारलं हे कोनी इचारत नाही." सभागृह गप्प झालं. मीही पुढचं टिपण उलटलं नाही, तिथेच थांबलो. नाईकांच्या वाड्यातल्या मरणासाठी आपण वही घातली, नळावर चर्चा केली. त्यांचं बोलणं अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ. फक्त एक विनंती, पहिल्या पर्वाचा शेवट कुणी सांगू नका. मागच्या रांगेतल्या दोन मुली सध्या मोबाइलवर पहिल्यांदाच पाहताहेत, आणि आल्या आल्या त्यांनी मला तशी ताकीद दिली आहे. (हशा)