सूर्यकिरण-पथकाची कला

नाट्य, संगीत आणि चित्र यांची परीक्षा करण्यास आपल्याकडे कांहीं ठरलेलीं मापें आहेत. तीं चांगलीं कीं वाईट हा वाद निराळा. पण गवई बेसूर झाला तर श्रोत्यांस तें कळतें, आणि न कळलें तर समजावून देणारा कोणी तरी शेजारीं बसलेला असतो. विमानांच्या सामुदायिक कसरतींच्या वांट्यास हें भाग्य आलेलें नाहीं. हजारों लोक त्या पाहतात, टाळ्या वाजवितात आणि घरीं जातात. त्यांत उत्तम काय होतें व हिणकस काय होतें, याविषयीं कोणी चार शब्द लिहीत नाहीं. १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत भारतीय वायुदलानें मुंबईस मरीन ड्राइव्हवर जे प्रयोग केले, त्यांतील ‘सूर्यकिरण’ पथकाचा खेळ पाहून आम्ही रहिमतपुरास परतलों, तेव्हां एका वृद्ध स्नेह्यांनीं विचारलें, “काय हो, एवढें पाहून आलांत, पण तिला कला म्हणायची कीं सर्कस?” त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देऊं म्हणतों.

पथकाचा पूर्वेतिहास फारसा लांब नाहीं. वायुदलाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, म्हणजे १९८२ सालीं, ‘हंटर’ विमानांचें ‘थंडरबोल्ट्स’ हें पथक उभें राहिलें. तें मोडल्यावर कांहीं वर्षांनीं, १९९६ सालीं, बिदर येथें ‘सूर्यकिरणा’चा जन्म झाला. चार विमानांनीं आरंभ होऊन १९९८ पर्यंत संख्या नऊवर गेली. हीं ‘किरण’ विमानें मूळचीं शिक्षणाचीं. २०११ मध्यें शिकाऊ वैमानिकांस विमानें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां पथक बंद करून तीं त्यांच्या हवालीं करण्यांत आलीं. २०१५ पासून ‘हॉक’ जातीच्या विमानांवर हा खेळ पुन्हां सुरू झाला. पुढें या विमानांसाठीं तिरंगी धूर सोडणारीं उपकरणें नाशिकच्या वायुदल-दुरुस्ती-केंद्रांत तयार झालीं, ही गोष्ट महाराष्ट्रानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां खेळाकडे वळूं. सामान्य प्रेक्षकाचा डोळा विमानें एकमेकांच्या किती जवळ आहेत इकडेच लागतो. पंखापंखांमधील अंतर पांच मीटरांहून कमी असतें, आणि वेग ताशीं कित्येकशें किलोमीटर. तेव्हां छाती दडपली तर नवल नाहीं. पण ही जवळीक म्हणजे कलेची पहिली पायरी होय. खरें कौशल्य तें अंतर बदलूं न देण्यांत आहे. नायकाखेरीज इतर वैमानिकांची दृष्टि जमिनीवर नसते कीं क्षितिजावर नसते. ज्या विमानाच्या आधारें आपली जागा ठरलेली, त्याच्या अंगावरील दोन नेमलेल्या खुणा एका रेषेंत दिसत राहतील अशा बेतानें तो आपलें विमान राखतो. आकाश उलटें झालें तरी त्याच्या दृष्टीनें कांहींच उलटलेलें नसतें. त्या दोन खुणा जागच्या जागीं असतात. उभ्या वर्तुळांत, म्हणजे विमान वर चढून, पाठीवर होऊन पुन्हां खालीं येतें तेव्हां, तळाशीं शरीराचें वजन चौपटीच्या घरांत जातें. साठ किलोंचा मनुष्य अडीचशें किलोंच्या जवळपास पोंचतो. माथ्यावर वेग मंदावतो. या सर्व चढउतारांत हाताची हालचाल मात्र बोटाबोटानें करावयाची.

नायकाची कसोटी याहून सूक्ष्म आहे. वळण घेतांना बाहेरच्या अंगाच्या विमानास लांबचा फेरा पडतो, आंतल्यास जवळचा. म्हणून नायकानें इंजिनाचा सारा जोर कधींच वापरावयाचा नसतो. स्वतः पूर्ण वेगानें गेला तर बाहेरचा गडी मागें पडलाच म्हणून समजावें. त्याच्या हाताला जरासा हिसका बसला तर तो टोंकाच्या विमानापर्यंत पोंचेतों वाढत जातो. लेझमीच्या लांब रांगेंत पहिल्याचें पाऊल किंचित् चुकावें आणि शेवटल्यास धांवावें लागावें, तसाच हा प्रकार. म्हणून आमच्या मतें या खेळांत पाहण्याचें स्थान व्यूहाचें टोंक नसून शेपूट आहे. मुंबईस नऊ विमानांचा चौकट-व्यूह समुद्रावरून एका अंगावर कलून वळला, तेव्हां सर्वांत मागचें विमान खिळल्यासारखें स्थिर होतें. त्या क्षणीं टाळी पडली नाहीं. कांठावरचे लोक पुढच्या चमत्काराची वाट पाहत होते.

हा चमत्कार म्हणजे दोन सुट्या विमानांनीं समोरासमोरून येऊन एकमेकांस चाटून गेल्याचा भास करणें, अथवा धुरानें बदामाची आकृति काढणें. पहिल्यास आमचा आक्षेप नाहीं. आमच्या जिल्ह्यांत चांदोबाच्या लिंबापाशीं ज्यांनीं वारींतील उभें रिंगण पाहिलें आहे, त्यांस ठाऊक आहे कीं घोडा धांवतो तो दुतर्फा उभ्या असलेल्या रांगांच्या स्थिरपणामुळें शोभतो. सात विमानांच्या शिस्तीनंतर दोघांची धांव अशीच शोभते. बदाम मात्र आम्हांस साफ नापसंत आहे. त्यांत उड्डाणाचें असें सौंदर्य कांहीं नाहीं. शाळेच्या फळ्यावर मुलें काढतात तें आकाशांत काढलें, इतकेंच. ध्वनिक्षेपकावरील निवेदक अशा वेळीं सर्वांत जास्त बोलतो, हेंहि सूचक आहे.

या आकृतीच्या मोहाची किंमत एकदां फार मोठी पडलेली आहे. २८ ऑगस्ट १९८८ रोजीं पश्चिम जर्मनींत रामश्टाइन येथें इटालियन पथकाची दहा विमानें असाच बदाम रेखीत होतीं, आणि एक विमान प्रेक्षकांच्या रोखानें येऊन बाणासारखें तो भेदणार होतें. तीन विमानांची टक्कर झाली. तीन वैमानिक आणि ६७ प्रेक्षक मृत्यु पावले. त्यानंतर प्रेक्षकांच्या रोखानें कसरती करण्यावर ठिकठिकाणीं कडक निर्बंध आले. मुंबईचा खेळ समुद्रावर झाला, हें त्या दृष्टीनेंहि उचित होय.

आपल्याकडे नौदलाच्या ‘सागर पवन’ पथकाचें विमान ३ मार्च २०१० रोजीं हैदराबादेस प्रेक्षकांदेखत कोसळून कमांडर सुरेश मौर्य व लेफ्टनंट कमांडर राहुल नायर हे गेले. ‘सूर्यकिरणा’चे बळी मात्र सरावांत पडले आहेत. मार्च २००६ मध्यें बिदरजवळ विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंग. जानेवारी २००९ मध्यें त्याच परिसरांत विंग कमांडर धालीवाल. आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजीं बंगलोरास, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं, विंग कमांडर साहिल गांधी. आम्ही ज्या वीसेक मिनिटांस टाळ्या देतों, त्यांच्यामागें अशा न पाहिलेल्या सकाळी किती असतात, याची कल्पना यावरून यावी. प्रेक्षकांनीं भीतीचीच मागणी केली, तर पथकाचा कार्यक्रम त्याच दिशेनें वाढणार. आणि सराव कशाचा करावयाचा हें कार्यक्रमावरून ठरतें.

हे खेळ पाहून तरुण वायुदलाकडे वळतात, असें त्यांच्या समर्थनार्थ सांगतात. इतरत्र तें खरें असेल. सातारा जिल्ह्यास हा युक्तिवाद थिटा पडतो. येथें १९६१ पासून सैनिकी शाळा आहे, आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ या नांवानेंच ओळखल्या जाणाऱ्या गांवानें आकाशांतला धूर पाहून मुलगे पाठविलेले नाहींत. शिवाय २०११ मध्यें सरकारनें स्वतःच शिक्षणाची गरज वरचढ मानली, आणि तें योग्यच केलें. या पथकाचें समर्थन करावयाचें तर कला म्हणूनच करावें. त्यास उपयुक्ततेचा टेकू देण्याचें कारण नाहीं.

आमच्या स्नेह्यांस हें सांगितल्यावर ते म्हणाले, “पण मग त्या बापड्यांस आपली कला दिसते तरी केव्हां?” हा प्रश्न आम्हांस पहिल्याहून अधिक मार्मिक वाटला. व्यूहांत उडणाऱ्यास आपण काढलेलें चित्र दिसत नाहीं. त्यास दिसतात त्या दोन खुणा. अशा पथकांत खेळाचें चित्रीकरण जमिनीवरून होत असतें, आणि उतरल्यावर सर्वजण मिळून तें पाहतात. पंख कोठें किंचित् झुकला, कोणतें विमान अर्धा क्षण उशिरां वळलें, हें त्या पडद्यावर शोधावयाचें असतें. आपलें चित्र त्यांस प्रथम दिसतें तें तेथें, चुका शोधतांना.