रोजगार हमी : मागणीच्या हक्कापासून वाटपाच्या मर्यादेपर्यंत
(बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

लोकशाही विकेंद्रीकरणाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा किंवा ७३ वी घटनादुरुस्ती यांच्या अनुषंगाने केली जाते. तथापि, शासनयंत्रणेला कामाला लावण्याचा अधिकार सामान्य नागरिकाच्या हाती प्रत्यक्षात कोणत्या कायद्याने दिला, असा प्रश्न केल्यास महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ याचेच नाव प्रथम घ्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात आकारास आलेल्या योजनेला २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याचे बळ लाभले. वि. स. पागे यांच्या कल्पनेचे वेगळेपण खर्चाच्या आकड्यात नव्हते, क्रमात होते. आधी मजुराची मागणी, मग काम आणि त्यानंतर पैशाची तरतूद. दिवसांची कमाल मर्यादाही तीत नव्हती. खर्चाचा भार व्यवसाय कराच्या रूपाने नोकरदारांनी उचलला आणि तितकीच भर राज्याने घालावयाची, अशी रचना होती. (प्राध्यापकांच्या वेतनपत्रकातील या कपातीचा उगम त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतो, हा स्वतंत्र विषय आहे.)

केंद्राचा २००५ चा कायदा हा याच विचाराचा राष्ट्रीय विस्तार होता. हमी प्रतिकुटुंब १०० दिवसांची झाली. परंतु पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, कामांच्या निवडीत ग्रामसभेचा शब्द आणि ग्रामसभेकडूनच सामाजिक अंकेक्षण या तरतुदींनी मागणीचे तत्त्व जपले गेले. पुढे कायदा तोच राहिला, पण त्याचा कारभार हळूहळू दिल्लीकडे सरकला. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइल ॲपवर छायाचित्रासह नोंदविणे आणि १ जानेवारी २०२४ पासून आधार-आधारित पद्धतीने मजुरी देणे बंधनकारक झाले. भ्रष्टाचारास आळा घालण्याचा हेतू मान्य केला तरी, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात छायाचित्र वेळेवर पोहोचले नाही तर दिवसभर माती उपसलेल्या मजुराची हजेरी ग्राह्य धरण्याचा अधिकार ग्रामसभेकडे उरत नाही. पश्चिम बंगालचा निधी मार्च २०२२ पासून रोखला गेला. गैरव्यवहाराचा ठपका यंत्रणेवर होता आणि मजुरी मात्र मजुरांची अडकली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ‘विकसित भारत – जी राम जी’ कायदा याच्याही पुढे जातो. दिवस १२५ झाले, ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु राज्यनिहाय वाटप केंद्र ठरविणार, त्यापलीकडील खर्च राज्याने सोसावयाचा आणि एरवीही केंद्र-राज्य हिस्सा बहुतेक राज्यांत ६०:४० राहणार. यापूर्वी अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राकडे होता. म्हणजेच पागे यांच्या योजनेतील क्रम उलटला : आधी रक्कम, मग काम आणि शेवटी मजूर. हक्काची भाषा कायम ठेवून त्याला अंदाजपत्रकाचे कुंपण घातले तर राज्यासमोर सोपा मार्ग एकच उरतो. मागणी नोंदवूनच घ्यावयाची नाही. अर्जाची दिनांकित पोच न देणे हा तसाही जुना अनुभव आहे.

पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद बीडच्या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरते. हा काळ राज्याने आगाऊ जाहीर करावयाचा आहे आणि तो भागपरत्वे वेगळा ठेवता येतो. तरीही मृग कोरडा गेल्यास कोरडवाहू शिवारात पेरणीही नाही आणि हमीचे कामही नाही, अशी अवस्था संभवते. ऊसतोड मजुराची उचल पुष्कळदा याच कोरड्या महिन्यांत घेतली जाते. हातात मजुरी असलेले जोडपे मुकादमाशी कोयत्याचा सौदा करताना निदान दोन शब्द बोलू शकते. रिकाम्या हाताने बसलेल्याला मुकादम सांगेल ती रक्कम मान्य करावी लागते. हमीच्या कामाचे मोल केवळ मिळालेल्या मजुरीत मोजणाऱ्या अभ्यासांतून ही बाजू निसटते.

मात्र सर्व दोष दिल्लीच्या माथी मारणे अभ्यासकाला शोभणारे नाही. बीड जिल्ह्यातील रोजगार हमीच्या गैरव्यवहाराच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेल्या, त्या कारभारात दिल्लीचा हात नव्हता. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर निवडणुकीऐवजी प्रशासक आला, तोही राज्याच्या पातळीवरील घोळामुळे. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे घटनेचे बंधन असूनही सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी आदेश द्यावा लागला. केंद्राच्या अतिक्रमणाबद्दल राज्य जी तक्रार करते, तीच तक्रार गावाने राज्याविरुद्ध केली तर तिला उत्तर काय?

ग्रामसभेच्या दिनदर्शिकेतच ही उपेक्षा दिसते. २ ऑक्टोबरच्या सुमारास टोळ्या निघण्याची तयारी चालू असते. २६ जानेवारीला तोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतो. १५ ऑगस्टला तो गावी असतो, पण उचल अनेकदा घेऊन झालेली असते. पुढील वर्षाच्या कामांचा आराखडा मात्र ऑगस्ट ते जानेवारी या काळात पक्का होतो. ज्याला काम हवे त्याच्या अनुपस्थितीत ठरलेल्या यादीत सिंचन विहिरी आणि फळबागा पुढे व भूमिहीनांची कामे मागे राहिली, तर नवल नाही.

१९७७ चा कायदा राज्याचा स्वतःचा आहे आणि व्यवसाय करही राज्यच गोळा करते. केंद्राच्या वाटपापलीकडील मागणी त्या कायद्याखाली नोंदवून घेणे आणि टोळ्या परतल्यावर चैत्र-वैशाखात केवळ रोजगाराच्या आराखड्यासाठी ग्रामसभा बोलावणे, या दोन गोष्टींसाठी मुंबईला दिल्लीची अनुमती लागत नाही.