नाव आणि हाक : अर्थसी-मालेतील दुसऱ्या ग्रंथाचा विचार

कथामालेतील दुसऱ्या ग्रंथाची स्थिती काहीशी अवघड असते. पहिल्याला नवलाईचा लाभ मिळतो, शेवटच्याला समारोपाचा. मधल्याकडे बहुधा केवळ दुव्याचे काम येते. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथांच्या मालेत तर दुसरा ग्रंथ म्हणजे त्याच नायकाचे आणखी एक साहस, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. अमेरिकन लेखिका उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या ग्रंथाने जी माला आरंभिली, तिच्यातील दुसरा ग्रंथ 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) ही अपेक्षा आरंभीच मोडतो. देश निराळा, भाषा निराळी आणि नायिकाही निराळी. पहिल्या ग्रंथाचा नायक, जादूगार गेड, बारा प्रकरणांपैकी पाचव्यात प्रथम दिसतो. तोही भुयारात शिरलेला अनोळखी चोर म्हणून.

ही केवळ रचनेची युक्ती आहे असे अनेक अभ्यासक मानतात. आमच्या मते तिच्या मुळाशी भाषाविषयक प्रश्न आहे. पहिल्या ग्रंथाने मांडलेला नामसिद्धान्त दुसऱ्या ग्रंथात तपासून पाहिला गेला आहे, आणि या तपासणीतून तो जसाच्या तसा उरत नाही.

पहिल्या ग्रंथातील सिद्धान्त सुपरिचित आहे. प्रत्येक वस्तूला आदिभाषेत एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मानणाऱ्या मीमांसकांना हे जग परके वाटले नसते. तो संबंध संकेताधीन मानणाऱ्या नैयायिकांना मात्र ते मान्य झाले नसते. सोस्यूरनंतर चिन्हाची यादृच्छिकता गृहीत धरूनच भाषाभ्यासाला आरंभ करणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांना तर अशी कल्पना बालिश वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकालाही ती दीर्घकाळ तशीच वाटत होती. दुसरा ग्रंथ लक्षपूर्वक वाचल्यावर मात्र या मतात बदल करणे भाग पडले.

अटुआनच्या वाळवंटात अनाम शक्तींची थडगी आहेत. त्यांची मुख्य पुजारीण मरण पावते त्याच रात्री जन्मलेली मुलगी हा तिचाच पुनर्जन्म, अशी तेथील श्रद्धा. टेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी आईबापांपासून नेले जाते आणि सहाव्या वर्षी विधिपूर्वक तिचे नाव त्या शक्तींना अर्पण केले जाते. त्यानंतर ती 'आर्हा', म्हणजे 'भक्षिली गेलेली'.

येथे व्याकरणाकडे पाहिले पाहिजे. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द व यदृच्छाशब्द असे चार प्रकार केले आहेत. 'आर्हा' हा क्रियाशब्द आहे. त्यातही तिच्यावर घडलेल्या क्रियेचा वाचक, म्हणजे ती त्या क्रियेचे कर्म. तो कोणाही एकीचा नाही. पूर्वीच्या प्रत्येक पुजारिणीला तो लागू होता, पुढच्या प्रत्येकीला लागू होईल; थोडक्यात तो हुद्दा आहे. 'टेनार' हा मात्र यदृच्छाशब्द. त्यापासून तिच्याविषयी कोणतीही माहिती मिळत नाही. तो फक्त तिला हाक मारण्याच्या उपयोगाचा आहे. ज्या देवतांना स्वतःला नाव नाही, त्यांनी नेमके हेच नाव भक्षावे, यात मोठा अर्थ आहे.

ग्रंथातील पहिले उद्गारही हाकेचेच आहेत. सफरचंदाच्या बागेत धावणाऱ्या मुलीला आई दारातून नावाने घरी बोलावते. पुढे गेड बंदिवान होऊन आर्हाच्या हाती सापडतो, आणि एका प्रसंगी तिला 'टेनार' म्हणून संबोधितो. ते नाव त्याने आपल्या विद्येच्या बळावर जाणले, म्हणून त्याने तिच्यावर सत्ता मिळविली, असा निष्कर्ष पहिल्या ग्रंथाच्या आधारे काढता येईल. पण तसे घडत नाही. नाव कळूनही तो तिचा कैदीच राहतो. तहानलेला, तिच्या मर्जीवर जगणारा. थडग्यांच्या अंधारात त्याची सारी शक्ती स्वतःला तगवून ठेवण्यातच खर्ची पडत असते. नाव कळल्याने सत्ता बदलत नाही. बदलते ती टेनार. आपण कोण हा प्रश्न तिच्यापुढे प्रथमच उभा राहतो. पुढे गेड आपले खरे नावही तिला सांगतो. पहिल्या ग्रंथाच्या न्यायाने हे आपला प्राणच दुसऱ्याच्या हाती देणे आहे.

पाणिनीने संबोधनाला वेगळी विभक्ती दिली नाही. प्रथमेतच त्याची सोय केली. मराठी व्याकरणकारांनी ते आठवी विभक्ती म्हणून गणले. तथापि संबोधन हे कारक नव्हे, यावर मतभेद नाही. ज्याला हाक मारली तो त्या हाकेपुरता कर्ताही नसतो, कर्मही नसतो. त्याने काय करावे हे अद्याप ठरलेले नसते. कर्मपदी अडकलेल्या मुलीला कर्तृपदी येण्यासाठी जी मोकळी जागा हवी होती, ती या हाकेने मिळते. तिच्या वतीने निर्णय मात्र कोणी घेत नाही.

सुटकेनंतर डोंगरातून जाताना एक लहानसा प्रसंग आहे. गेड एका सशाला त्याच्या खऱ्या नावाने बोलावून दाखवितो. अशा रीतीने शिकार साधता येईल काय, अशी शंका टेनारला येते. तेव्हा विश्वासाने आलेल्या प्राण्याला मारणे हा विश्वासघात होय, असा त्याच्या उत्तराचा आशय. संपूर्ण मालेतील नामविचाराचे मर्म येथे आहे असे आम्हांस वाटते. नावाने हाक मारणे हा एक करार आहे, आणि तो हाक मारणाऱ्यावर बंधनकारक आहे.

ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा यांनी १९६१ साली इशी या याही जमातीच्या शेवटच्या माणसाचे चरित्र प्रसिद्ध केले. 'इशी' याचा त्याच्या भाषेत अर्थ केवळ 'माणूस'. स्वतःचे नाव त्याने कधी सांगितले नाही, आणि त्या नावाने हाक मारणारेही कोणी उरले नव्हते. या चरित्राचा कादंबरीशी थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण नाव हे हाक मारणाऱ्यांच्या मुखी जगते, हे सत्य दोहोंत समान आहे.

मराठी वाचकाला हे सत्य परके नाही. विवाहात ताटातील तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती व काही घरांत आजही आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजीचे माहेरचे नाव तिच्या निधनानंतर घरात कोणालाच सांगता आले नाही. ज्यांनी तिला त्या नावाने हाक मारली असती ती माणसे तिच्याआधीच गेली होती, आणि आम्ही कोणी तिला कधी विचारले नव्हते. नामव्यवस्थेवर व्याख्याने देणाऱ्याच्या घरी हे घडावे, याची खंत येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

या ग्रंथावर एक आक्षेप सबळ आहे : स्त्रीला तिचे नाव परत मिळते ते बाहेरून आलेल्या पुरुषाकडून. हा दोष नाकारता येत नाही, आणि लेखिकेने १९९० साली 'तेहानू' या चौथ्या ग्रंथात टेनारकडे परतून जणू तो मान्यच केला. तरीही दुसऱ्या ग्रंथाचा शेवट कृतज्ञतेचा नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुक्त झालेली टेनार समुद्रकाठी गेडला मारण्याच्या विचाराने सुरी हाती घेते, आणि नंतर वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते. परत मिळालेल्या नावाने ती वर्षे परत मिळत नाहीत. अखेरीस परक्या नगरात पाऊल टाकताना लेखिका तिला घरी परतणाऱ्या मुलाची उपमा देते. आरंभी आईने मारलेल्या हाकेला ती एवढ्या विलंबाने ओ देत आहे, असे म्हटल्यास ते अतिव्याप्त ठरू नये.