माळ आणि आपले निसर्गवर्णन

मराठी निसर्गवर्णनात एक जुना पक्षपात आहे. सह्याद्रीचे कडे, कोकणचा किनारा, श्रावणातील हिरवळ, विदर्भातील अरण्ये यांस आपल्या लेखकांनी भरभरून शब्द दिले. परंतु पर्जन्यछायेतील माळाचे वर्णन करण्याची वेळ आली की ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘भकास’ ही तीन विशेषणे ठरल्याप्रमाणे पुढे येतात. वास्तविक महाराष्ट्रात वाळवंटाशी जवळचे नाते सांगणारा प्रदेश हाच. खडकावर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी गवत, चार बोरीबाभळी आणि वर अफाट आभाळ. एवढ्या भांडवलावर तेथे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक व चंडोल यांचे संसार चालतात.

व्यंकटेश माडगूळकरांनी हा पक्षपात बऱ्याच अंशी दूर केला, हे मान्य केलेच पाहिजे. ‘बनगरवाडी’तील (१९५५) माळ हा कथेमागे टांगलेला पडदा नव्हे, मेंढरे, धनगर आणि अवर्षण यांच्या बरोबरीने तो कथेत वावरतो. पण याच माडगूळकरांनी पुढे वन्य जीवनावर पुस्तक लिहिले ते नागझिऱ्याच्या जंगलावर. मारुती चितमपल्ली तर जन्माने सोलापूरचे. तरी त्यांच्या लेखनाचा प्राण नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्यात. याचा दोष त्यांस देणे अन्यायाचे होईल. माळावर माणसे असावयाची आणि पशुपक्षी जंगलात, अशी वाटणी आपल्या अभिरुचीनेच करून ठेवली आहे.

लोकभाषेने मात्र ही चूक केली नाही. माळढोक, माळटिटवी, तणमोर ही नावे पाहावीत. ज्यांनी ती ठेवली त्यांस माळ व गवत हे त्या पाखरांचे घर दिसले. ‘निर्जन’ हा शब्द शिकलेल्यांचा.

शब्दांची ही हेळसांड कागदावरच राहती तर तक्रारीचे कारण नव्हते. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. कागदोपत्री त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. ते पुढे घटवून सुमारे १,२२२ वर आणण्यात आले. त्यापूर्वीच या मुलखातील पुष्कळ माळ नांगराखाली गेला होता, आणि उरलेल्या काही भागांवर वृक्षारोपण झाले. जमीन ‘पडीक’ म्हटली की तिच्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते! हा भारदस्त पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, व शत्रू दुरून दिसणे हेच त्याचे संरक्षण. झाडांची दाटी तेच हिरावून घेते. शिवाय समोरचे त्यास नीटसे दिसत नाही, आणि जड देहामुळे उडताना विजेच्या तारा चुकविणेही जमत नाही. आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास आहेत. त्यांतील बहुतेक जैसलमेरकडील वाळवंटात असून तेथे २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून वंश राखण्याची खटपट चालू आहे. नान्नजला त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

आम्हां ठाणेकरांस दुसरे उदाहरण घरातलेच. खाडीचा चिखल ही वर्षानुवर्षे नाक दाबून ओलांडण्याची गोष्ट होती. रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसू लागले, २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आले, आणि त्याच चिखलावर आता लेख लिहिले जातात. खाडीचे दैव चांगले, पाहुणा देखणा मिळाला. माळाच्या पाखरांचा रंग मातीचा आणि गवताचा. ती पाहावयाची तर आधी माळाकडे पाहावे लागते, आणि आपला लेखक तर खिडकी लावून घेऊन पुढच्या घाटाची वाट पाहत बसलेला!

वर्णनास विषय नाही, अशी सबब कोणी सांगू नये. पावसाळ्यात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून उघड्या माळावर उभा राहतो. त्याचा घुमणारा आवाज दूरवर जातो. हे दृश्य सोलापुरास पुन्हा दिसेल की नाही, कोण जाणे. काळवीट, लांडगे व चंडोल मात्र तेथे अद्याप आहेत, आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री कल्याणास थांबून सकाळी सोलापुरास पोचते.