औषध मारणारा, भाजी खाणारा आणि आतड्यातले जिवाणू

कपाशीवर फवारणी झाली की आपल्याकडे म्हणतात, 'औषध मारलं'. या 'औषधा'ची बातमी होते ती कोणी दगावलं तरच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तेच झालं. पण विषबाधा न होता वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जात असेल तर? त्याच वर्षी 'जीनोम बायॉलॉजी'मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांचा यावर एक पेपर आला. आज तो जरा तपासून बघू.

त्यांनी मदुराई भागातल्या खेड्यांत 3080 लोकांची पाहणी केली. कीटकनाशकांशी थेट संबंध येणाऱ्यांत मधुमेह 18.3 टक्के, इतरांत 6.2 टक्के. मग उंदरांना 180 दिवस पाण्यातून मोनोक्रोटोफॉस दिलं. त्यांची रक्तातली साखर आटोक्यात राहीना. कारण असं मांडलंय: आतड्यातले जिवाणू हे रसायन फोडतात, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं आणि त्यापासून शरीर नवं ग्लुकोज बनवतं. या उंदरांची विष्ठा दुसऱ्या उंदरांना दिली, तर त्यांच्यातही तोच बिघाड. माझ्या मते पेपरची खरी ताकद इथे आहे. नुसता योगायोग असता तर हे दिसलं नसतं.

आता खटकतं ते सांगतो.

एक, पाहणी एकाच वेळची आहे. आधी काय झालं, फवारणी की शुगर, हे तिच्यातून कळत नाही.

दोन, अ‍ॅसिटिक आम्ल काही परकं नाही. ज्वारीच्या भाकरीतला तंतू पचवतानाही जिवाणू तेच बनवतात, आणि तंतू तर शुगरवाल्यांना आवर्जून खायला सांगतात. मग एकाच आम्लाचे दोन परिणाम कसे? नुसतं आम्लाकडे बोट दाखवून भागत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उंदीर रसायन प्यायले. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगात ते जास्त करून कातडीतून आणि श्वासातून जातं. आतड्यात थेट पोचतं ते भाजी-धान्यावरचं. म्हणजे आकडा औषध मारणाऱ्याचा आणि प्रयोग खाणाऱ्याचा! हे दोन सांधायला तिसरा अभ्यास लागेल.

म्हणून 'कीटकनाशकामुळे मधुमेह होतो, सिद्ध झालं' असं कोणी फॉरवर्ड केलं तर थांबवा. पण 'काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही थांबवा. प्रश्न पक्का आहे, उत्तर अर्धं आहे.

पैठण, सिल्लोड, कन्नडकडे कपाशी भरपूर आहे. तपासायचं तर तीच माणसं काही वर्षं सलग बघावी लागतील. सुरुवात साधी आहे: शुगर तपासायला आलेल्या माणसाला एवढंच विचारा, "काका, फवारणी तुम्हीच करता का? किती वर्षं झाली?" आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवा.